वडिलांच्या वहीत "जमीन ०, पाणी २.५" असं लिहिलंय. पाणी पंचायतीतलं कुणाला उलगडेल का?

पौडरोडकर

नमस्कार मंडळी. मी इथे वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझे वडील, अप्पा, गेल्या श्रावणात गेले. एक्याऐंशी वर्षांचे होते. मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात, टूलरूमला. आम्हा दोघा भावंडांना अप्पा आठवड्याचे सहाच दिवस मिळाले. रविवारी पहाटे ते स्वारगेटला जाऊन सासवडची एसटी धरायचे ते रात्री नऊच्या पुढे उगवायचे, चपलांवर मुरमाची धूळ घेऊन. आईचं वाक्य ठरलेलं होतं, "आले पाणीवाले. तापवा आता अंघोळीला पाणी." हे १९८२ पासून २००१ पर्यंत चाललं. मग गुडघे गेले आणि एसटीची पायरी चढवेना.

ते "पाणी पंचायतीच्या कामाला" जातात एवढंच आम्हाला माहीत. लहानपणी मला वाटायचं, "पाण्याची पंचायत झाली" म्हणतो तशी कुठेतरी कायमची अडचण झालेली आहे आणि ती सोडवायला अप्पांना दर रविवारी बोलावतात. विचारलं तर ते सांगायचे, पण त्यात पाइपाचा व्यास जास्त आणि माणसं कमी असायची, त्यामुळे आम्ही विचारणं सोडलं.

आता वर्षश्राद्ध आलंय. माळा आवरताना अकरा लांब वह्या, तीस मीटरची एक टेप आणि गोणपाटात गुंडाळलेली एक जड बिडाची वस्तू निघाली. खाली जाळी आहे, आत चामड्याची चकती सुकून कडक झालीय. भंगारवाल्याला द्यायला आईने ठाम नकार दिला, पण ते काय आहे हे तिलाही माहीत नाही.

वह्यांतल्या नोंदी अशा आहेत:

"बाई. जमीन ०, माणसं ५, पाणी २.५."
"५०–३०–२०. वीससाठी अजून ७ घरं बाकी."
"माणशी १००० घ.मी."
"ऊस. बोललो. ऐकत नाही. व्हॉल्व्ह बंद."
"वि. सा. ना दाखवलं. ठीक."
"११ मि. जास्त. पुढच्या पाळीत कापायची."

पहिल्या नोंदीवर मी अडलेय. जमीनच नाही तर पाणी कशाला? अप्पा आकड्यात चुकणारे नव्हते. आणि हे वि. सा. कोण?

दुसरं म्हणजे, भावाने छापायला मजकूर केलाय, "समाजसेवेचे अखंड व्रत घेतलेले..." वगैरे. अप्पा संकष्टीलासुद्धा दुपारी मिसळ खाऊन यायचे, व्रत कसलं आलंय! पण त्याच्या जागी काय लिहायचं ते मलाही सुचत नाही, कारण ते तिथे नेमकं काय करत होते हेच मला ठाऊक नाही. कुणी त्या भागातलं असेल तर सांगा.

---

जुनाच वाचक

वाचून गलबललो. वि. सा. म्हणजे नक्कीच विलासराव साळुंखे. पाणी पंचायतीची, म्हणजे गावाने मिळून पाणी उचलायचं आणि वाटून घ्यायचं, ही कल्पना त्यांचीच. तेही इंजिनिअर होते, पुण्यात मोजमापाची अचूक उपकरणं बनवणारा त्यांचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात फिरले. तेव्हा दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडायची, सुकडी खायची, आणि फोडलेली खडी रस्त्याकडेला पडून राहायची. तेवढ्याच हातांनी बांध घातले तर पुढच्या वर्षीचा पाऊस तरी अडेल, हे त्यांनी नायगावला करून पाहिलं. देवस्थानची ४० एकर पडीक उताराची जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. वर समपातळी बांध, खाली पाझर तलाव, तलावाखाली विहीर, आणि विहिरीचं पाणी उचलून परत वरच्या रानाला. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. सासवडजवळ खळदला त्यांचं काम होतं. २००२ मध्ये ते गेले, पुढे त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे यांनी काम चालू ठेवलं.

तुमचे वडील टूलरूमचे म्हणजे मायक्रॉनमध्ये मोजणारे. त्यांचं आणि विलासरावांचं का जमलं असेल याचा अंदाज येतो.

बाकीच्या नोंदींचं कऱ्हाकाठ यांना विचारा. ते तिकडचेच आहेत, फक्त अंजिराच्या हंगामात इथे फिरकत नाहीत.

---

कऱ्हाकाठ

ताई, नमस्कार. हंगाम संपला, आलो.

मी पुरंदरचा. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या त्या विहिरीवरून भावकी अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाही. माझा बाप पाणी पंचायतीचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणे व्हॉल्व्ह उघडणारा नि बंद करणारा. पगार सगळ्या सभासदांनी मिळून द्यायचा, म्हणजे कुणा एकाचा नोकर नाही. आणि कुणा एकाची मेहेरबानीही नाही, त्यामुळं शिव्या मात्र सगळ्यांच्या.

"जमीन ०, पाणी २.५" ही चूक नाही. सगळा खेळच त्या ओळीत आहे.

आपल्याकडं पाणी रानामागं जातं. ज्याचं रान मोठं त्याची विहीर मोठी, ज्याचं रान कॅनॉलला लागून त्याला पाट. पाणी पंचायतीत पाणी माणसामागं होतं. घरात जेवढी माणसं, तेवढ्या अर्ध्या एकराचं पाणी. घराला जास्तीत जास्त अडीच एकर. वीस एकरवाल्यालाही अडीच नि गुंठाही नसलेल्यालाही माणसं पाच असली की अडीच. रान विकलं तर पाणी त्याच्याबरोबर विकलं जायचं नाही, ते पंचायतीकडं परत.

आम्ही भूमिहीन. बाप, आई, आजी, मी नि बहीण मिळून पाच. वहीत आमची ओळ असती तर तुमच्या त्या बाईसारखीच असती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आईचा भाऊ हसला होता ते आठवतं, "रान नाही नि पाणी मिळालं, आता काय डोक्यावर घेऊन हिंडणार का?" आईलाही उत्तर येत नव्हतं.

उत्तर दिवाळीनंतर आलं. गावात एकाला अठरा एकर रान. त्यातलं अडीच भिजणार, बाकी कोरडं. तो माणूस आमच्या घरी आला. ताई, हे तुम्हाला शहरात कळणार नाही म्हणून परत लिहितो, तो *आमच्या* घरी आला. त्याआधी आई त्याच्या दारात पाटी घेऊन उभी राहायची, आज काम आहे का म्हणून. तो आमच्या बाजेवर बसला, गुळाचा चहा प्याला, नि म्हणाला, रान माझं, पाणी तुमचं, अर्धेलीनं करू. त्याच्याकडं आधी जे वाट्यानं करायचे त्यांना तिसरा हिस्सा मिळायचा. पाणी हातात होतं म्हणून आम्हाला निम्मा मिळाला. त्या वर्षी वाटाणा नि गहू केला. गव्हाची पोती भिंतीला लागली, आजी महिनाभर त्या पोत्यांना पाठ लावून झोपायची. उंदरांसाठी म्हणायची, पण मांजर होतं की घरात.

५०–३०–२० हे योजनेच्या खर्चाचं. निम्मं सरकारी अनुदान, तीस टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी उसने, वीस टक्के लोकांनी रोख भरायचे. ते वीसच अवघड. आमच्या आईनं दोन शेळ्या विकल्या. "७ घरं बाकी" म्हणजे तुमच्या वडलांनी ती सात घरं किती वेळा झिजवली असतील ते मला दिसतंय. दर रविवारी दारात उभं राहायचं, नि आतून बाई सांगणार, मालक जेजुरीला गेलेत.

हजार घनमीटर म्हणजे अर्ध्या एकराला माणशी वर्षाचं पाणी. अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर धरा. त्यावर हजार घनमीटर ओतलं तर अर्धा मीटर उभं राहील, म्हणजे पाचशे मिलीमीटर. आमच्या तालुक्याच्या पूर्व बाजूला पूर्ण पावसाळ्यात एवढा पाऊस पडला तर लोक पेढे वाटतात. म्हणजे माणसाच्या नावावर आणखी एक पावसाळा लिहून दिला, असं समजा. त्यात ज्वारी, गहू, घेवडा, कांदा निभतो. ऊस निभत नाही, त्याला चौपट लागतं. म्हणून ऊस बंद. "व्हॉल्व्ह बंद" वाचून हसलो. असे प्रसंग आमच्याकडंही झाले, फक्त आमच्याकडं ऊसवाला पाटकऱ्याच्या अंगावर कोयता घेऊन आला होता.

ती बिडाची वस्तू म्हणजे फुटवॉल. विहिरीत सक्शन पाइपाच्या बुडाला असतो. आतलं चामडं गेलं की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, मोटर नुसती हवा ओढते. मग बादल्यांनी पाइप भरत बसा. लाईट रात्री दीडला यायची, नि अशा वेळी फुटवॉल गळका निघाला की बाप काय बोलायचा ते इथं लिहिलं तर संपादक मला काढून टाकतील. रविवारी येणारे साहेब लोक असले फुटवॉल पिशवीत घालून पुण्याला न्यायचे नि पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणायचे. तुमच्याकडचा परत यायचा राहिला.

आमच्याकडं येणारे एक साहेब मला आठवतात. डावखुरे, उंच, पाइपावर बसून विडी ओढायचे. मला त्यांनी स्पॅनर धरायला शिकवलं. तुमचे वडील तेच का?

---

निवृत्त शाखा अभियंता

तुमच्या वडिलांना आदरांजली. पण धाग्याचा रोख पाहून चार शब्द लिहितो, राग मानू नका.

मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. यातल्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या. पाझर तलाव पावसावर, पाऊस दोन वर्षं झाला नाही की विहीर कोरडी, आणि माणशी वाटायला फक्त हिशोब उरतो. उपशाचं वीजबिल थकतं. पंप जुने होतात. काम उभं करणारी पिढी थकली की रविवारी एसटीने येणारं कुणी राहत नाही. स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभ्या केलेल्या यंत्रणेला देखभालीचं खातं नसतं. आमच्या खात्याला हजार दोष आहेत, पण गेट बिघडलं तर निदान कुणाला तरी मेमो निघतो.

शिवाय भूमिहीनाच्या पाण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली नाही. २००५ चा सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदा आला, पाणी वापर संस्था आल्या, पण सभासद कोण, तर लाभक्षेत्रात जमीन असणारा. विलासरावांचा मूळ मुद्दा तिथेच गळाला.

तेव्हा मजकुरात "गावे सुजलाम् सुफलाम् केली" असं काही छापू नका. आधी जाऊन बघा.

---

कऱ्हाकाठ

साहेब, तुमचं खरं आहे. राग कशाचा.

आमची योजना २००४ ला बंद पडली. दोन वर्षं पाऊस नव्हता, बिल थकलं, मग एक मोटर जळली, वर्गणी काढायची तर निम्मे म्हणाले आधी मागची बाकी काढा. हे सगळं मीटिंगमध्ये बोललं जातं. जे बोललं जात नाही ते मी इथं लिहितो, टोपणनाव आहे म्हणून. पाझर तलावाच्या काठाला पहिली बोअर मी मारली.

तोवर आम्ही दीड एकर विकत घेतलं होतं. पाण्याच्या जोरावरच घेतलं, अर्धेलीच्या पैशातनं. अंजीर लावलं होतं, दोन वर्षांची झाडं, नि पाळीचं पाणी पुरेना. रात्री गाडी बोलावली. साडेतीनशे फुटाला पाणी लागलं तेव्हा ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली, ती सगळ्या गावानं ऐकली. पुढच्या सहा महिन्यांत तलावाच्या भोवती नऊ बोअरी झाल्या. विहीर त्यानंतर जानेवारीच्या पुढं टिकली नाही. बापानं माझ्याशी बोलणं टाकलं. बरेच महिने आईमार्फत बोलायचा, मी समोर बसलेला असताना. "त्याला म्हणावं डबा घेऊन जा."

अंजीर जगलं. आज त्याच बागेवर घर चाललंय, पोरगी पुण्यात शिकतेय. मी चूक केली असं म्हणवत नाही, नि बरोबर केलं असंही म्हणवत नाही.

पण साहेब, एक सांगतो. योजना वीस-बावीस वर्षं चालली. तुम्ही म्हणता बंद पडली, बरोबर, पण मोटरसायकल वीस वर्षं चालून बंद पडली तर आपण ती चाललीच नाही असं म्हणत नाही. त्या वीस वर्षांत माझी बहीण शिकून नर्स झाली, दीड एकर झालं, नि आईनं परत कुणाच्या दारात पाटी घेऊन उभं राहणं पाहिलं नाही.

---

बांधावरून

कऱ्हाकाठ, हे लिहायला धाडस लागतं.

जरा अवांतर: ओडिशात २००२ चा पाणी वापर संस्थांचा कायदा आहे, त्याचं नावच पाणी पंचायत कायदा. नाव तिथवर पोचलं, भूमिहीनाचा हिस्सा मात्र वाटेत उतरला. आणि भूमिहीनालाही पाणी हा मुद्दा सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधताना लावून धरला होता. तिथेही के. आर. दाते हे इंजिनिअर लोकांबरोबर होते. इंजिनिअरांची ही जात वेगळीच असावी, बायकांच्या शिव्या खाऊन रविवारी पाइप जोडणारी.

ताई, त्या वह्या फेकू नका. पाळीपत्रकं, कुठल्या साली विहीर कधी आटली, असं त्यात असेल तर ते कुठेच दुसरीकडे लिहिलेलं नसणार.

---

पौडरोडकर

सगळ्यांचे आभार. कऱ्हाकाठ, तुमचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. मांजराचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

अप्पा उजव्या हाताचे. विडी-सिगारेट कधीच नाही, बुटके होते आणि बऱ्यापैकी चिडके. म्हणजे तुमचे साहेब ते नव्हेत. वाईट वाटलं थोडं. तुमच्या गोष्टीत त्यांना बसवून मी मनात चित्र काढून ठेवलं होतं, पाइपावर बसलेले, शेजारी एक लहान मुलगा स्पॅनर धरून.

तुम्ही विचारायच्या आधीच शोधून सांगते. वहीच्या पहिल्या पानावर गावाचं फक्त एक अक्षर आहे. पण नोंदींमध्ये "चिंचेचा ओढा", "हौद नं. ३, म्हसोबामागे" आणि "शाळेवरून चढ ४१ मी." असं येतं. अकरा मिनिटांची नोंद फेब्रुवारी १९८४ ची. यावरून काही कळतं का?

आणि एक शंका. अकरा मिनिटांवरून एवढं काय? वहीत तीन रविवार तोच विषय आहे.

---

कऱ्हाकाठ

म्हसोबामागं हौद म्हटल्यावर कळलं. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटर, डोंगराच्या पलीकडं. माझ्या चुलत बहिणीला तिथं दिलीय. चौकशी करतो.

अकरा मिनिटांचं सांगतो. दहा हॉर्सची मोटर नि तेवढा चढ असला की हौदात मिनिटाला सहाशे लिटरच्या आसपास पडतं. अकरा मिनिटं म्हणजे साडेसहा हजार लिटर. आज उन्हाळ्यात आमच्या वाडीला जो टँकर येतो तो दहा हजाराचा, नि त्याच्यामागं बायका कशा पळतात ते बघितलं की अकरा मिनिटं म्हणजे काय ते कळतं.

---

कऱ्हाकाठ

आठ दिवस झाले, उशीर झाला. काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

तिथले जुने पाटकरी आहेत. चौऱ्याऐंशी वय, कान गेलेत, नजर शाबूत. मी तुमच्या वडलांचं नाव सांगितलं (तुम्ही व्यनीत, म्हणजे खासगी निरोपात, दिलं होतं ते), तर त्यांना काही लागेना. पुण्याचे इंजिनिअर म्हटलं, तरी नाही. मग मोठ्यानं म्हटलं, चिडके, बुटके, अकरा मिनिटं. म्हातारा ताठ बसला. म्हणाला, "मिनिटवाला होय!"

ताई, तुमच्या वडलांना तिथं कुणी साहेब म्हणत नव्हतं. मिनिटवाला. पोरं एसटी दिसली की ओरडायची, मिनिटवाला आला. घरी पाणीवाले नि गावात मिनिटवाला.

त्यांनी सांगितलेलं असं. आधी त्या गावात पाळी घड्याळावर नव्हती. संध्याकाळची पाळी मुक्कामाची एसटी आली की सुरू, रात्रीची चांदणी डोंगरावर आली की बंद. एसटी फेल गेली किंवा आभाळ आलं की भांडण. अकरा मिनिटं जास्त घेणारा सरपंचाचा भाऊ. म्हणाला, चांदणी मला दिसली नाही. तुमचे वडील पुढच्या पाळीत अकरा मिनिटं कापायला निघाले, तर लोकच म्हणायला लागले, जाऊ द्या हो, अकरा मिनिटांनी काय होतं, वर्षाचे दिवस सरपंचाशी काढायचेत. अगदी ज्यांचं पाणी गेलं ते सुद्धा. दोन रविवार हा वाद. तिसऱ्या रविवारी ते मुक्कामी राहिले. रात्रभर हौदावर घोंगडं घेऊन बसले, नि अकरा मिनिटं आधी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह बंद केला. पाटकऱ्याला करू दिला नाही. म्हणजे गावात राहणाऱ्याच्या डोक्यावर ते येऊ नये म्हणून. सरपंचाचा भाऊ त्यांना आईवरनं बोलला, म्हातारा सांगत होता. ह्यांनी ऐकून घेतलं नि वही काढून वेळ लिहिली.

सकाळी एसटीत बसायच्या आधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं नि पाटकऱ्याच्या हातात दिलं. चांदणीवर नको, ह्याच्यावर चालवा.

ते घड्याळ म्हाताऱ्याकडं आहे. मी हातात घेतलं. एचएमटी, चावीचं, पांढरी तबकडी. पट्टा तीनदा बदललाय म्हणाले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोरलंय, तारीख नि दोन आद्याक्षरं. तारीख मे १९७२ ची. अक्षरं इथं लिहीत नाही, तुम्हाला व्यनी केलाय.

त्यांची योजना अजून एका मोटरवर निम्म्या रानाला चालू आहे, हे निवृत्त साहेबांसाठी. पाटकरी आता नातू आहे. तो मोबाईलवर वेळ लावतो, घड्याळ घरात खुंटीला. म्हातारा विचारत होता, पोरगी येणार असेल तर परत द्यायचं का? घरातली वस्तू आहे म्हणाला, मी तेव्हाच द्यायला पाहिजे होती.

---

निवृत्त शाखा अभियंता

वाचलं. चालू असेल तर आनंदच आहे. चढ ४१ मीटर आणि दहा हॉर्स म्हणजे मिनिटाला सहाशे लिटर निघायला पंप चांगलाच राखलेला असला पाहिजे. पाइपाचा व्यास कळला तर सांगा.

---

पौडरोडकर

पाइपाचा व्यास वहीत आहे, चार इंच. (बघा, शेवटी मीही पाइपाचा व्यास सांगायला लागले.)

मे १९७२ हे आई-अप्पांचं लग्न. घड्याळ आजोबांनी जावयाला दिलेलं. आम्ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की अप्पांनी ते १९८४ मध्ये एसटीत हरवलं. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती, आणि पुढे कुठलीही वस्तू हरवली की "यांचं काय, यांनी तर माझ्या वडिलांचं घड्याळ..." हे आमच्या घरात चाळीस वर्षं चाललं. अप्पा प्रत्येक वेळी मान खाली घालून वरण कालवत बसायचे. एकदाही म्हणाले नाहीत.

आईला सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "खोटं बोलला मेला." मग थोड्या वेळाने, "तरी म्हटलं, एसटीत मनगटावरनं घड्याळ पडतंच कसं."

भावाचा मजकूर बदललाय. खाली नाव, दोन तारखा, आणि एक ओळ: "१९८२ ते २००१, दर रविवारी." आई म्हणाली मिनिटवाला घाला, भाऊ म्हणाला लोक हसतील, त्यावर अजून एकमत नाही.

घड्याळ परत आणू नकोस म्हणाली आई. त्यांच्याकडेच राहू दे. फक्त एक विचारायला सांगितलंय, चावी रोज देतात का? रोज नाही दिली तर बिघडतं ते, तिच्या वडिलांनी तेव्हा बजावलं होतं.

आम्ही दोघी पुढच्या रविवारी येतोय. भाऊही येईलसं दिसतं.

---

कऱ्हाकाठ

विचारलं. रोज सकाळी चहाच्या आधी देतात. दिवसाला चार मिनिटं मागं पडतं, नातू मोबाईल बघून लावून देतो.

गाडीनं येऊ नका, आईंना सोसत असेल तर एसटीनंच या. सकाळी लवकरची धरा, दिवे घाटात गर्दी नसते. मी सासवड स्टँडवर रसवंतीपाशी थांबतो. बापालाही आणतोय. ऐंशी वर्षांचा आहे, त्यालाही तो हौद बघायचाय. हल्ली बोलतो माझ्याशी.

फुटवॉल गोणपाटात आहे तसाच आणा. चामडं मी बघून ठेवलंय.